निसर्ग नसलेली जागा पाहिजे

चहा आधी संपवा, मग सांगतो. मधेच सांगितलं तर ठसका लागेल आणि तुमच्या शर्टावरचा डाग माझ्या नावावर जाईल. गाढवपणा सगळेच करतात हो. पण माझा असा की देवनहळ्ळीला जाऊन कुणीही बघून यावं!

मी मूळचा निपाणीचा, जे. पी. नगरात माझं फरश्यांचं आणि नळांचं दुकान. शाळा फार झाली नाही, जे शिकलो ते गिऱ्हाइकांनी शिकवलं. पण जमिनीतलं मला कळतं, असा माझा समज होता. होता म्हणतो, बरं का!

झालं असं, की आमच्या मराठी मंडळानं मुलांसाठी निसर्ग शिक्षण केंद्र बांधायचं काढलं. काढणारच! व्हाइटफील्डची पोरं उंच टॉवरांत, ढगांच्या शेजारी वाढतात. चिमणी दाखवली तर हिचा चार्जर कुठाय म्हणून विचारतील. जागा पसंत करायला मृण्मयी मॅडमना बोलावलं. पुण्याची पोरगी, पर्यावरणाचं शिकलेली, वयानं माझ्या लेकीएवढी, गळ्यात कायम दुर्बीण.

सभेत ती म्हणाली, "एक सांगते, सुंदर जागा नको. जिथं झाडी आहे, पाखरं आहेत, तिथंच इमारत ठोकली तर मुलांना दाखवणार काय? आधीच बिघडलेली जागा शोधा. जिथं बांधल्यानं कुणाचं घर मोडणार नाही."

मी खुर्चीत उडालोच! बिघडलेली जागा? अहो, तसला माल माझ्याकडं कधीचा पडून!

त्याचं असं आहे. देवनहळ्ळीच्या अलीकडं माझं फार्महाउस आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या बाथरूमांना फरश्या पुरवल्या. ही एक जागा मी माझ्या हौसेनं सजवली. हिरवंगार लॉन, कारंजं, रांगेत पाम. माझा जीव आहे तिच्यात. पण ती घेताना मालकानं शेजारची बंद वीटभट्टीही गळ्यात मारली. माती उपसून उपसून केलेला हा एवढा खड्डा, आणि मधे राखेचे ढीग. कुणी फुकट घेईना. पाहुण्यांना दिसू नये म्हणून मी मधे पत्रे ठोकले आणि तिकडं परत पाऊल टाकलं नाही.

आता बघा डोकं कसं पळालं! भट्टी मंडळाच्या गळ्यात जाईल, इमारतीला आईचं नाव लागेल, वर दानशूर म्हणून शाल मिळेल ती वेगळीच. उभा राहिलो आणि हात उंच करून म्हणालो, "देवनहळ्ळीला माझी जेवढी जमीन आहे, त्यातली मॅडम पसंत करतील ती मंडळाला दिली!"

नुसतं 'भट्टी दिली' म्हणायला काय झालं होतं? पण सभेत माइक हातात आला की माणूस ऐसपैस होतो.

आमचे अध्यक्ष देसाई, माणूस भारी बेरकी. म्हणाले, "अण्णा, पसंत करतील ती? कुठलीही?"

"कुठलीही!"

बायकोनं शेजारून चिमटा काढला. "अहो, स्वल्प बघून बोला की."

"तू गप गं. ह्यातलं तुला काय कळतंय?"

रविवारी मी, बायको, मॅडम आणि देसाई असे चौघं निघालो. गाडीत माझी जीभ थांबेना. "मॅडम, तुम्हाला पाहिजे तसली जागा. झाड नाही, पाखरू नाही. मेलेली जमीन! माझी गॅरंटी."

"शेवटचं कधी गेला होता, काका?"

"जायचं कशाला? तिथं बघण्यासारखं काय आहे?"

पोचल्यावर एक पत्रा बाजूला केला आणि सगळे आत शिरलो.

आता कसं सांगू... त्या खड्ड्याच्या उभ्या मातीच्या भिंतीला भोकंच भोकं. मी म्हणालो, गेली भिंत, वाळवी लागली. तेवढ्यात एका भोकातून हिरवं काहीतरी सुटलं. मग दुसऱ्यातून. मग सगळी भिंतच उडाली म्हणा ना! हिरवी पाखरं, मानेवर तांबूस झाक, शेपटीतून निघालेली तारेसारखी दोन पिसं. उन्हात गिरक्या घेत होती, हवेतच किडे धरत होती. एक माझ्यासमोर बाभळीच्या काटकीवर बसलं, चोचीतला चतुर दोनदा फांदीवर आपटला आणि सरळ भोकात.

मॅडम कुजबुजली, "वेडे राघू. पिल्लं आहेत आत."

"किती आत जातं हे भोक?"

"हातभर तरी. कधी जास्तच."

"कशानं पाडतात?"

"चोचीनं. आणि पायांनी माती मागं ढकलतात."

अहो, माझं उभं आयुष्य भिंतीत भोकं पाडण्यात गेलं! ड्रिल मशीन, डायमंड बिट, तरी फरशीला तडा जातो आणि गिऱ्हाईक घर डोक्यावर घेतं. आणि इथं मूठभर जीव, नुसत्या चोचीनं, आणि भिंतीला एक तडा नाही! तळाला थोडी ओल होती, तिच्याभोवती फुलपाखरांची दाटी. राखेच्या ढिगावर घोरपड पसरली होती, जणू सातबारा तिच्याच नावावर. मी चप्पल कधी काढून हातात घेतली, मलाच कळलं नाही. देवळात आल्यासारखं वाटलं हो.

देसाईंनी हळूच कानात विचारलं, "अण्णा, मेलेली जमीन ती हीच का?"

 

मॅडम म्हणाली, "इथं वीटसुद्धा ठेवायची नाही. मुलांना दाखवायला हे आहेच. इमारत दुसरीकडं बघू."

"सरी, सरी, बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. त्या घडीला मनापासून म्हणालो. पत्रा परत जागेवर लावतानाही आवाज होऊ दिला नाही.

मग फार्महाउसवर चहा. मॅडम कप घेऊन लॉनवर हिंडायला लागली. मीही मागोमाग. आपली हौस कुणी निरखून बघायला लागलं, की छाती फुगतेच ना?

"हे गवत इथलं नाही ना, काका?"

"छे! खास मागवलंय. ह्यात किडा राहतच नाही."

"आणि हे पाम?"

"ना फळ, ना फूल, ना कचरा."

"रस्ता थेट आतपर्यंत दिसतोय."

"ट्रक येतो, मॅडम! वीज आहे, बोअर आहे, काही नवीन करायला नको."

मागून बायको खोकली. मला वाटलं, चहात आलं जास्त झालं.

"पाखरं येतात इकडं?"

"येऊ देतो होय? फरशी घाण करतात. जाळी मारलीय सगळीकडं."

मॅडम खाली बसली. गवत बाजूला करून माती चिमटीत घेतली. बराच वेळ बघत राहिली. "काका, इथं एक मुंगीसुद्धा दिसत नाही."

"दिसेल कशी? महिन्याच्या महिन्याला औषध मारतो! वर्षभर शोधा, एक मुंगी सापडली तर नाव बदलीन!"

बायकोनं कपाळाला हात लावला. देसाईंनी कप खाली ठेवला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मला अजून वाटत होतं, लॉनचंच कौतुक चाललंय.

मॅडम हात झटकत उठली. "काका, ही जागा पसंत."

आणि तुम्हाला सांगतो, मेली ती दुकानातली सवय! मी तिथल्या तिथं हात जोडून म्हणालो, "थँक्यू मॅडम. डिलिव्हरी कधी पाहिजे?"