इंगरबाईंच्या गाण्याचं वृत्त

माझी आई लीलावती हिने साताऱ्यात चौतीस वर्षं मराठी शिकवलं. नॉटिंगहॅमला आमच्याकडे येऊन सहा वर्षं झाली, तरी हातातली लाल पेन्सिल सुटलेली नाही. कौन्सिलच्या पत्रांतसुद्धा ती चुका काढते. अशा बाईच्या हाती मी इंगरबाईंचं गाणं दिलं, ही चूक माझीच.

इंगरबाई म्हणजे माझ्या सासूबाई, डेन्मार्कच्या. त्यांच्याकडे घरात कार्य निघालं की कुणीतरी ओळखीच्या चालीवर नवं गाणं रचतं, कागद वाटले जातात आणि सगळे मिळून गातात. आमची अन्वी अठरा वर्षांची होणार म्हणून त्यांनी चार कडवी रचून पाठवली. आईने त्याच चालीवर मराठी कडवी करायची आणि दोघी आज्यांनी मिळून गायचं, हा अन्वीचा हट्ट.

आईला डॅनिश येत नाही, म्हणून अन्वीला उच्चार विचारत तिने ओळींवर लघु-गुरूच्या खुणा करायला घेतल्या. यमकं चोख सापडली, पहिलीला तिसरी, दुसरीला चौथी. पण मात्रा कुठल्याच वृत्तात बसेनात. एका ओळीत बारा, तर तिच्या जोडीच्या ओळीत सोळा! तीन आठवडे घरात नुसतं बोटांवर मोजणं आणि धुसफूस.

"आजी, डॅनिश पोएम अशी काउंट नाही करत," अन्वी म्हणाली.

"कविता कुठलीही असो, मोजावीच लागते!"

शेवटी अकरा ठिकाणी वृत्तभंग दाखवून आईने त्या कागदाचा फोटो थेट इंगरबाईंना पाठवला. मला विचारलंसुद्धा नाही. उत्तर आलं, 'तुम्ही शिक्षिका आहात, तुमचंच बरोबर असेल. मी गाणार नाही.'

अन्वी रडली. मला आईचा मनापासून राग आला, आणि मी तो बोलून दाखवला.

मग अन्वीने आजीसमोर बसून गाणं मोठ्याने म्हटलं आणि जोर पडेल तिथे टेबलावर थाप मारली. चार थापा, मग तीन. पुन्हा चार, पुन्हा तीन. मधली अक्षरं कमी असोत की जास्त, थाप चुकत नव्हती. आईने तीनदा म्हणायला लावलं. अकराच्या अकरा चुका तिच्याच निघाल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती स्वतःलाच म्हणाली आणि फोन उचलला.

"सॉरी" म्हटल्यावर पुढे इंग्रजी सुचेना, म्हणून तिने गाणंच सुरू केलं. उच्चार भयंकर. तिसऱ्या ओळीवर इंगरबाईंनी तिला थांबवलं, चूक सांगितली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

असं पाच वेळा झालं. आई मुकाट्याने म्हणत राहिली.