नातीसाठी कंपनी पाहायला गेले तेव्हा

माझं लग्न मी एका ट्रकशी केलं. नवरा त्याच्यासोबत आला होता.

मला पाहायला पाहुणे आले ते ट्रक घेऊनच, कारण तांदूळ पोचवून मूल शहराला परत येताना आमचं गाव वाटेवर पडायचं. मुलगा ओसरीत बसला होता. मी कुडाच्या फटीतून बघत होते ती बाहेर उभी असलेली गाडी. निळी बॉडी, आरशांना काळे गोंडे, कपाळावर पिवळा मोर. मैत्रिणीला म्हटलं, एवढी गाडी ज्याच्या दारात, त्याच्या घरात काय कमी असणार? आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी माणसं ‘घर पाहायला’ जातात. विहीर बघतात, धानाची कोठी बघतात आणि शेजारणीकडे पाणी मागायच्या निमित्तानं सासूचा स्वभाव काढून घेतात. माझे वडील जायला निघाले, तर मीच आईकरवी कळवलं की उगाच हेलपाटा कशाला, ट्रक पाहिलाय ना सगळ्यांनी.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं की ट्रक राईस मिलच्या शेठचा आहे. मोरही शेठचा. आमच्या मालकीचे होते ते फक्त गोंडे. ते नवऱ्यानं हौसेनं स्वतः आणून बांधले होते. माणूस मात्र चांगला निघाला. त्यात माझी हुशारी शून्य.

म्हणून नातीनं जेव्हा ट्रक शिकायचं काढलं, तेव्हा घरात सगळ्यांत आधी घाबरले ती मी. ती चालवते चांगलं. वर्षाहून जास्त झालं, बापाच्या छोट्या मालगाडीतून गावची भाजी मूलच्या बाजारात नेते. बाजारातले हमाल तिला ‘ड्रायव्हरबाई’ म्हणतात, आधी चिडवायला म्हणायचे, आता नुसतंच म्हणतात. पण मोठी गाडी शिकायची कुठे? मुलगा असता तर कुण्या उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून लागला असता. चाकं धुतली असती, शिव्या खाल्ल्या असत्या, ताडपत्रीवर झोपला असता आणि तीन-चार वर्षांनी एखाद्या रिकाम्या रस्त्यावर उस्तादानं स्टेअरिंग दिलं असतं. तिचे आजोबा तसेच शिकले. मुलीला ते दार बंद. चंद्रपूरच्या मोटर स्कूलमध्ये शिकून लायसन मिळतं, पण काम मागायला गेलं की पहिला सवाल, अनुभव किती?

तिसरी वाट कंपनीची. खाणीवरच्या कंपन्या आता मुलींना स्वतःच शिकवतात. राहणं, खाणं, लायसन सगळं त्यांचं. बदल्यात काही वर्षं त्यांचीच गाडी चालवायची, मधे सोडलं तर खर्च भरून द्यायचा. अशा दोन कंपन्यांच्या जाहिराती नातीच्या मोबाईलवर आल्या होत्या. एक चंद्रपूरच्या बाजूला, बंधन दोन वर्षांचं. दुसरी गडचिरोलीकडे, पार जंगलात, बंधन तीन वर्षांचं. माझ्या मुलाचं म्हणणं सरळ होतं, जवळची असेल तर जा, जंगलातली नाही. तिनंही जवळचीच धरली होती. मला फोटो दाखवला. घरापेक्षा उंच पांढराशुभ्र डंपर, त्याच्यापुढे निळ्या गणवेशातल्या मुली, एक शिडीवर उभी राहून हसतेय.

“आजी, आतमंधी एसी हाये,” ती म्हणाली.

मी फोटो पाहिला नाही, तिचं तोंड पाहिलं. कुडाच्या फटीमागे माझं असंच झालं असणार.

“घर पाहून येऊ,” मी म्हटलं.

“कंपनी हाये थे आजी. सासर नाई.”

“दोन वर्षं बांधून ठेवते ना? मंग सासरच झालं.”

चंद्रपूरच्या कंपनीत आमचं स्वागत झालं. साहेब सभ्य होता. मला पंख्याखाली बसवलं, चहा दिला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. वर्गखोली दाखवली. एक यंत्र दाखवलं, त्यात पडद्यावर रस्ता पळतो आणि मुली खुर्चीत बसून स्टेअरिंग फिरवतात. होस्टेलला पडदे. मेसचं वरण माझ्यापेक्षा चांगलं, हे मी घरी सांगितलेलं नाही. मग मी म्हटलं, ते पांढरं जनावर दाखवा. नात सरसर चढली. मला दोघांनी खालून ढकललं आणि एकीनं वरून ओढलं. केबिनमध्ये सगळं लखलख. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं, बसलं की कचकच वाजायचं. नवी गाडी आहे, असं मला वाटलं. मी पुन्हा भुलले होते, वयाचा काही उपयोग झाला नव्हता.

उतरल्यावर सवयीनं पाणी मागायला मेसच्या मागे गेले. तिथे मागच्या तुकडीत शिकलेल्या दोन मुली ताटं विसळत होत्या. मी एकीला विचारलं, बाई, शेवटचं स्टेअरिंग कधी धरलं होतं? ती दुसरीकडे बघून हसली.

“पाहुणे येतात तवा धरतो. बाकी गेटवर झेंडी दाखवतो.”

मी विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, नाही. पगार वेळेवर, सावलीत खुर्ची, घर जवळ, आईला काळजी नाही. ती खरंच सुखात होती आणि तिचं सुख मला खोटं वाटलं नाही. ताट उपडं ठेवत तिनं एवढंच म्हटलं, “तुमच्या नातीले चालवाचीच असन, तं नीट पाहून घ्या म्हणा.”

परतीच्या बसमध्ये मी हे नातीला सांगितलं. ती खिडकीकडे वळून बसली. नंतर म्हणाली, “आपल्यासाठी बदलन.” मीही तेव्हा असंच म्हणाले होते, की नवरा शेठकडून ट्रक विकत घेईल.

जंगलातल्या कंपनीला जायला तिला मी जवळजवळ ओढलं. बापाला सांगितलं, नुसतं पाहून येतो. बस बदलून पुढे कंपनीच्या जीपमधून. मोहाची फुलं गळत होती, बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या. पुढे लाल धूळ सुरू झाली, ती आमच्या दातांपर्यंत पोचली. तिथे कुणी चहा विचारला नाही. सुपरवायझर उभ्या उभ्या बोलला, तीन वर्षं, स्वयंपाक मुली पाळीनं करतात, मोबाईलला रेंज टेकडीवर येते. राहायला टिनाची शेड. पडदा नावाची गोष्ट नाही. नातीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला विकायला आणलंय.

तेवढ्यात उतारावरून भरलेला डंपर आला. धीम्या चालीनं आला, आमच्यापासून पुरेसं अंतर ठेवून थांबला. वरून एक बारीकशी पोरगी उतरली. नातीपेक्षा लहानच असेल. शेडमधल्या मुलीशी गोंडीत काही बोलली, आमच्याशी मराठीत. तिच्या बगलेत उशी होती, आपण कमरेवर घागर धरतो तशी.

मी विचारलं, हे काय, गाडीत झोपता की काय?

ती म्हणाली, “सीट गड्यामाणसाच्या मापाची हाये ना आजी. पाठ टेकवली तं पाय ब्रेकपर्यंत पुरत नाई. पुढं सरकून बसलो तं पाय थरथरते. उशी ठेवली का बरोबर होते.” शेडमध्ये प्रत्येकीची आपली उशी होती, आपल्या पाठीच्या मापाची, आणि कुणी कुणाला देत नव्हतं. तिची मळून लाल झाली होती.

मी तिथल्या दगडावर बसले. नातीला वाटलं ऊन लागलं.

मला राईस मिलचं मागचं मैदान आठवत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी नवऱ्याच्या इतकी मागे लागले की एका सुट्टीच्या दिवशी त्यानं मला ड्रायव्हर सीटवर बसवलं. पातळ नेसलेली मी सीटच्या अगदी काठावर, स्टेअरिंगला लटकलेली. गाडी सुरू करणं जमलं, थांबवणं राहिलं. ब्रेक कुठे आहे ते माहीत होतं, पाय तिथे कसाबसा टेकतही होता, पण पाठीला टेका नसल्यानं तो दाबला जाईना. समोर मिलचा धानाच्या कोंड्याचा डोंगर. मी मोरासकट त्यात शिरले. खिडक्यांतून कोंडा आत आला आणि गळ्यापर्यंत भरला. नवरा आधी हसून हसून खाली बसला, मग हातांनी मला उकरून काढलं. केसांतला कोंडा निवडत मायेनं म्हणाला, “जाऊ दे वो, तुह्यानं नाई व्हाचं.”

मी ते लगेच मान्य केलं. नुसतं मान्य केलं नाही, त्या विषयातली मोठी जाणकार झाले. बाईचं शरीर ट्रकसाठी नसतंच, हे मी शेजारणींना, जावांना, आणि या नातीलाही समजावून सांगितलं आहे, प्रत्यक्ष अनुभवाच्या जोरावर. त्या दगडावर बसून मला कळलं की कमी होती ती एका उशीची.

नात तोवर डंपरवर चढली होती. त्या पोरीनं आपली उशी तिला दिली नाही. ओढणीची घडी करून दिली आणि म्हणाली, आता टेकून बस. नात टेकून बसली. वरून तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, समोर पाहिलं.

परतीच्या वाटेवर ती नखांतली लाल धूळ काढत बसली. मी जीभ चावून बसले होते, मला फार बोलायची सवय आहे. जवळची कंपनी, पडदे, वरण, खूश असणारा बाप एकीकडे, तीन वर्षं आणि धूळ दुसरीकडे. त्यातलं काहीच मला जगायचं नव्हतं. मूलच्या बसस्टँडवर भजी घेतली. अर्धा कागद संपल्यावर ती म्हणाली, “आजी, तुह्यापाशी सावरीचा कापूस हाये का?”

“हाये.”

“मले एक उशी शिवून दे.”

“उशी मी शिवून देतो,” मी म्हटलं, “बापाले तू सांग.”

तिनं सांगितलं. बाप बरेच दिवस घुम्यासारखा वागला, मग एका सकाळी त्यानंच तिची पेटी गाडीत ठेवली. माझ्या हिरव्या लुगड्याची खोळ घातलेली उशी तिनं मांडीवर घेतली होती.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुट्टीत ती आली. लायसन झालं होतं. हात काळवंडले होते. पिशवीतून उशी काढून तिनं माझ्यापुढे टाकली. पापड झाला होता तिचा. हिरवा रंग शोधावा लागत होता. बापानं ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाला, चालवून राह्यली म्हणजे. ती म्हणाली, रोज.

सावरीचा कापूस मऊ, तो रोजच्या धक्क्यांना टिकायचा नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. मी मूलला मिलवर गेले. मागचा डोंगर अजून तिथेच आहे, म्हणजे तसाच. त्यातला पिशवीभर कोंडा आणला, चाळला, उन्हात घातला आणि दुहेरी कापडात घट्ट भरला. कोंडा दबत नाही.

परवा टेकडीवर चढून तिनं फोन केला. उशी ब्रेक दाबला की करकर वाजते, शेडमधल्या पोरी हसतात.

“आणि टोचते बी आजी.”

“मले गळ्यापर्यंत टोचला होता,” मी म्हटलं. “तू चालव.”