आक्कांचं बोट आणि आमचं पेरणी यंत्र

गजराबाई शेंडगे, म्हणजे आपणा सर्वांच्या आक्का, कुपवाडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात गाठी मारलेली सुतळी होती. मी त्यांना खुर्ची दिली आणि छोट्या ट्रॅक्टरमागे चालणारं माझं नवंकोरं पेरणी यंत्र दाखवलं. तीन ओळी, प्रत्येक ओळीला बियांची पेटी, पेटीत फिरणारी तबकडी आणि ती तबकडी फिरवायला बाजूला जमिनीवर धावणारं एक चाक. मी चांगला अर्धा तास बोललो. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बी पडतंय ते दिसतं कुटनं?"

"दिसत नाही आक्का. ते मातीच्या आत पडतं."

"मग पडलं का न्हाई ते कवा कळायचं?"

"उगवल्यावर."

"आवं इंजिनेर, तवा कळून काय उपेग?" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. मला राग आला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. चांगली नोकरी सोडून मी हे यंत्र उभं केलं होतं. ते विकलं गेलं नाही तर वर्कशॉपला कुलूप लागणार, हे मलाच काय, माझ्या वेल्डरलाही ठाऊक होतं.

आक्कांचं हसणं उगाच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्या बैलांच्या पाभरीमागे चालत तिच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडत आल्या. सासरची माणसं पूर्वी मेंढरं राखायची. शेती सुरू झाली तशी पेरणीची मूठ आक्कांकडे आली. शेजारच्या गावांतूनही त्यांना पेरणीला बोलावणं यायचं, कारण त्यांच्या मुठीतून दाणा सारखा पडे. पुढे औंधच्या पलीकडच्या त्यांच्या गावात त्यांनी बायकांचा गट बांधला आणि गटासाठी छोटा ट्रॅक्टर घेतला. घेवड्याच्या मुळाशी पाणी साचलं की पीक बसतं, म्हणून उंच गादीवाफ्यावर घेवडा करायचा घाटही त्यांनीच घातला. "बायकांचं खेळणं" म्हणून हसणारे पुष्कळ होते. आक्कांनी भर बैठकीत सांगितलं, "कुपवाडच्या इंजिनेरचं मशीन आदी माज्या रानात चालंल. मग बोला." ज्या बाईंनी मला खुर्चीवर बसून गप्प केलं होतं, त्यांनीच माझ्यासाठी आपला शब्द टाकला.

आता जे सांगणार आहे ते इतकी वर्षं फक्त चौघांना माहीत होतं: आक्का, त्यांच्या दोन्ही सूनबाई आणि मी. आक्कांची परवानगी घेऊनच लिहितो आहे.

पेरणीच्या दिवशी आक्का यमाईची ओटी भरायला औंधला गेल्या होत्या. "मी येऊस्तोवर थांबा," असं बजावून गेल्या होत्या. पण वाफसा आला होता, म्हणजे माती पेरणीला हवी तेवढीच ओली होती, आभाळ भरत होतं आणि मला दम निघेना. थोरल्या सूनबाई सुरेखाताई ट्रॅक्टरवर बसल्या, मी यंत्रामागे. वाफ्यांवर तीन ओळी अशा सरळ उमटल्या की माझी छाती फुगली. दुपारपर्यंत दीड एकर रान उरकलं. पेट्या उघडून पाहिल्या तर बी जवळजवळ तसंच! मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "बघा ताई, बियाणं किती वाचतंय!" हे वाक्य लिहिताना आजही कान गरम होतात.

आक्का आल्या. हातावर प्रसाद ठेवला, पेटीत डोकावल्या आणि वाफ्याजवळ खाली बसल्या. बोट मातीत घातलं. काही नाही. चार पावलं पुढे गेल्या. काही नाही. तिसऱ्या वाफ्यावर एक दाणा लागला, तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो घ्या. तुमी पेरलेला."

मी यंत्राखाली वाकून पाहिलं. कुपवाडच्या सपाट अंगणात यंत्र झकास चालायचं. तिथे चाक जमिनीवर टेकायचं. इथे यंत्र उंच वाफ्यावर आणि बाजूचं चाक दोन वाफ्यांमधल्या खोल सरीवर अधांतरी! एखाद्या ढेकळाला घासलं तेवढंच फिरलेलं. चाक फिरलं नाही, तबकडी फिरली नाही, बी पडलं नाही. माती उकरणाऱ्या फणांनी रेघा मात्र सुंदर ओढल्या होत्या.

मला वाटलं, आता आक्का आरडाओरडा करणार. त्यांनी पदर खोचला. "दोन दिस वाफसा हाय. टोकायचं." त्यांनी सुतळी ताणली, गाठीगाठीवर बोटानं एकेक दाणा टोकायला सुरुवात केली, आणि मी बांधावर उभा आहे हे पाहून म्हणाल्या, "तुमाला काय आवतान द्यायचं व्हय रं?" 'तुमाला' आणि 'रं' एकाच वाक्यात! दोन दिवस आम्ही चौघं वाकून होतो. माझी कंबर तिसऱ्या दिवशीही सरळ होईना. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं विचारलंच, "आक्का, मशीननं पेरलं न्हवं का?" आक्का मान वर न करता म्हणाल्या, "व्हय की. कुटं काय ऱ्हायलंय ते बगतोय." सगळंच राहिलं होतं, हे फक्त आम्हाला माहीत.

घेवडा उगवला तो असा की गाव बघायला लोटलं. सुतळीवरच्या ओळी, दाण्याला दाणा. "काय मशीन हाय गड्या, लय भारी!" लोक माझ्याकडे यंत्रं मागू लागले. मी वही काढली तसा आक्कांनी माझा हात धरला. बाजूला नेऊन म्हणाल्या, "ह्यो घेवडा माज्या हातचा हाय. तुजं मशीन अजून परीक्षेला बसलंच न्हाई."

मी चिडलो. म्हणालो, "आक्का, चाक मी आठवड्यात बदलतो. आत्ता हातचं गिऱ्हाईक गेलं तर माझं वर्कशॉप बंद पडेल."

"पडलं तर पुन्हा उगडंल. पन दुसऱ्याचा वाफसा गेला तर तू कुटनं आणून देनार?"

मी तणतणत कुपवाडला परतलो आणि दोन-अडीच महिने त्यांना फोनही केला नाही. एवढा मोठेपणा माझ्या अंगात होता! मग एका सकाळी आक्का एसटीनं, दोन जागी गाडी बदलून, वर्कशॉपच्या दारात. बरोबर सगळ्या कामगारांना पुरतील इतक्या भाकरी आणि त्याच रानातल्या घेवड्याची आमटी. आत पाऊल टाकताच माझ्या वेल्डरला झापलं, "एवढा जाळ डोळ्यांनी पितोस? चष्मा कुटाय?" त्यानं चष्मा लावेपर्यंत त्या बसल्या नाहीत. मग अंगणात वाळू टाकायला लावून सुतळीच्या मापानं वाफा करवून घेतला, अगदी रानातल्या उंचीचा. दोन दिवस त्या मुक्कामाला होत्या. चाकाला सरीच्या तळाशी पोचेल असा लांब दांडा, वरून दाबून धरणारी स्प्रिंग, हे सगळं त्या वाळूच्या वाफ्यावर जुळलं. वाळूतून दाणे ठरल्या अंतरावर निघाले तेव्हा मी आक्कांच्या पाया पडलो. "मशीनच्या पड," म्हणाल्या, "लय सोसलंय बिचाऱ्यानं!"

रब्बीला हरभऱ्याच्या पेरणीसाठी त्यांनी गाव बोलावलं. एक वाफा पेरून होताच ट्रॅक्टर थांबवला आणि सगळ्यांसमोर बोट मातीत घातलं. दाणा. चार पावलांवर पुन्हा दाणा. मग मला म्हणाल्या, "काड आता वही." त्याआधी एकही यंत्र वर्कशॉपबाहेर गेलं नाही. त्या घेवड्याच्या जिवावर मी कुणाला काही विकलं नाही, याचं श्रेय माझं नाही, आक्कांचं आहे.

खरी गोष्ट तेव्हाच का सांगितली नाही, असं मी पुढे विचारलं. त्या म्हणाल्या, "तवा सांगितलं असतं तर ट्रॅक्टर पुन्हा रानात येऊ दिला नसता लोकांनी. आता लिही. माजी पंच्याहत्तरी हाय, मला कोन रागवनार?"

आज सातारा-सांगलीच्या पुष्कळ रानांत आमची यंत्रं फिरतात. प्रत्येक नवं यंत्र आधी आक्कांच्या रानात एक वाफा पेरतं. गुडघे कुरकुरतात, सुरेखाताईंचा हात धरावा लागतो, तरी आक्का वाकतातच. आणि त्यांचं बोट मातीत गेलं की इतक्या वर्षांनंतरही माझ्या पोटात गोळा येतो. दाणा लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

आई यमाई आक्कांना उदंड आयुष्य देवो, त्यांचे गुडघे धड ठेवो आणि नजर आहे तशीच तिखट ठेवो. यात थोडा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. पोटात येणारा तो गोळा मला आणखी पंचवीस वर्षं तरी हवा आहे.