झेपेचं इंजिन

संध्यावहिनींचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला कचेरीत होतो आणि खरं सांगतो, मी तो उचलला नाही. वाटलं, प्रमोदने बायकोला मध्ये घातलंय, समेट करायला. वाजू दे म्हटलं... दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. "भाऊ, हे गेले हो," एवढंच बोलल्या. जळगावच्या दुकानात, मोटर खोलता खोलता, बसल्या जागीच गेला. आमचा तीन आठवडे अबोला होता. कशावरून? तर कॉम्प्युटरवरच्या एका खेळावरून. पन्नाशी उलटलेल्या दोन माणसांचा! हसायचं असेल तर हसा.

अमळनेरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी सरकारी कारकून झालो, त्याने जळगावला मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं. केळीवाल्यांच्या विहिरींतल्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडे यायच्या. भेटी कमी झाल्या, तेव्हा त्यानेच हा खेळ शोधला. अंतराळात जहाजं चालवायची, माल न्यायचा, लुटारूंपासून वाचायचं. रविवारी जेवणं झाली की तो दुकानात आणि मी घरी, कानाला हेडफोन लावून बसायचो. माझी बायको म्हणायची, "घोडे झालात, पण खोड काही जात नाही."

जहाजाला इंजिन कोणतं लावायचं, यावर आमचं कायम वाजायचं. एक होतं साधं. वेग बेताचा, पण बॅटरी खात नाही. दुसऱ्याला आम्ही झेपेचं म्हणायचो. ते दाबलं की जहाज सुसाट सुटायचं, पण लुटारूंना लांबूनही ठळक दिसायचं आणि बॅटरी बघता बघता रिकामी. मला अर्थातच झेपेचंच लागायचं. प्रमोद मात्र खेळातही गिऱ्हाईक समोर बसल्यासारखा विचारायचा. "कथा जानं शे, ते आधी सांग. वझं कितलं शे?" कुठे जायचंय, ओझं किती, हे आधी. दुकानातही विहीर किती खोल, पाइप किती लांब, हे कळल्याशिवाय तो कुणाला मोटर सुचवत नसे. मी चिडायचो. म्हणायचो, "अरे, हे आभाळ आहे, केळीचा मळा नाही!" तो हसायचा आणि साधं इंजिन लावून, बैलगाडीच्या चालीने माझ्यामागे यायचा.

आठ महिने खपून त्याने एक मोठं मालवाहू जहाज बांधलं. पहिल्याच खेपेला त्याची राखण करायची जबाबदारी माझ्याकडे. त्याने बजावलं होतं, आज झेपेचं लावू नको, माझ्या जोडीने चाल. मी लावलं. म्हटलं, याला काय कळतंय. वाटेत लुटारूंनी घेरलं. मी वळून लढायला हवं होतं, पण बॅटरी निम्मी संपलेली. उरलेली मी झेप घ्यायला वापरली... लुटारूंच्या तावडीतून एकटाच बाहेर पडलो. मागे त्याचं जहाज जळालं. हेडफोनमध्ये तो हळूच म्हणाला, "तू माले टाकीसन पयी ग्या रे भो."

मला टाकून पळालास. एवढंच. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी काय केलं? उलट त्याच्यावरच ओरडलो, खेळ आहे, एवढं काय रडतोस म्हणालो आणि बंद केलं. पुन्हा उघडलंच नाही. चूक माझी होती, हे त्याच मिनिटाला कळलं होतं, पण तोंड कुठे उघडतं? आज ना उद्या तोच फोन करेल, नेहमी तोच करतो, असं धरून चाललो होतो.

दहाव्याहून परतल्यावर खेळ उघडला. निरोप आल्याची खूण लागलेली होती. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी प्रमोदने माझ्या नावावर एक जहाज देऊ केलं होतं. त्याला झेपेचं इंजिन. त्याने, जन्मभर ज्याला नावं ठेवली, ते! सोबत एक ओळ होती: "पयनं व्हयी ते पय, पन बॅटरी दोन लायेल शे. राग सोड." पळायचं तर पळ, पण दोन बॅटऱ्या लावल्यात. खाली खेळाची सूचना होती: चौदा दिवसांत न स्वीकारल्याने जहाज मालकाकडे परत.

मी आयुष्यात इतका कधी रडलो नव्हतो.

गेल्या रविवारी वहिनींनी दुकानावर बोलावलं. गिऱ्हाइकांच्या मोटरी ज्याच्या त्याला द्यायच्या होत्या. आम्ही चिठ्ठ्या वाचून एकेक मोटर बाजूला काढत होतो. वार्निशचा वास अजून होता. एकाएकी त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला काय पाठवलं होतं हो यांनी? रोज जेवायला घरी आले की म्हणायचे, अजून घेतलं नाही त्याने. मला वाटलं, कुरिअर असेल. म्हटलं, फोन लावा. तर म्हणे, नको, त्याचं त्याला वाटू दे. मग एक दिवस म्हणाले, परत आलं. त्या दिवशी जेवले नाहीत."

"इंजिन होतं, वहिनी."

त्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "मग घ्यायचं ना, भाऊ."