संडासातली निळी बाटली

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत संडास खणायला लागले. हे मी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "तब्येत बरी आहे ना त्यांची?" तब्येत ठणठणीत होती. सगळा घोळ घातला तो मोबाइलने. त्यावर कुठल्याशा परदेशी गावातले दोन दाढीवाले रोज दुपारी यायचे, जुन्या घरांच्या परसात लांब सळई खुपसत हिंडायचे आणि मऊ माती लागली की लहान मुलांसारखे ओरडायचे. तो जुन्या संडासाचा खड्डा. त्या काळी तिथली माणसं औषधाच्या, दारूच्या, शाईच्या रिकाम्या बाटल्या सरळ त्या खड्ड्यात टाकायची. खड्डा भरला की वर माती लोटायची आणि शेजारी दुसरा खणायची. आता आतल्या मैल्याची माती झाली आणि बाटल्या झाल्या पुरातन वस्तू. दाढीवाले एकेक बाटली पुसून उन्हात धरायचे आणि आमचे हे पलंगावर लोळत "वा! क्या बात है!" म्हणायचे. माझ्या पुरणपोळीला उभ्या आयुष्यात अशी दाद मिळालेली नाही.

"अगं, आपल्या लोणावळ्यात केवढे जुने बंगले आहेत!" एक दिवस हे ताडकन उठून बसले. "साहेब लोक राहिले, शेठ लोक राहिले. प्रत्येकाच्या मागे संडास असणारच की!"

"असणारच," मी म्हटलं. "खाल्लेलं जाणार कुठे?"

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या गावात हौशी मंडळींची एक वारसा समिती आहे. सगळे निवृत्त, सगळ्यांना वेळच वेळ. पर्यटक येतात, चिक्की घेतात, गाड्यांच्या रांगेत दोन तास शिव्या देत बसतात आणि गावाचा इतिहास न बघताच परत जातात, ही समितीची जुनी व्यथा. म्हणून जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. सभेत ह्यांनी उभं राहून जाहीर केलं, "गावाचं नाव असलेली शंभर वर्षांपूर्वीची बाटली मी आणून दाखवीन." टाळ्या पडल्या. झालं! आता बाटली नाही मिळाली तर ह्यांना बाजारातून मान खाली घालून जावं लागणार होतं.

खंडाळ्याच्या बाजूला एक बंगला हॉटेलसाठी पाडत होते. ठेकेदाराने रविवारी खणायची परवानगी दिली. हे पहार, फावडं, घमेलं आणि खास बनवून घेतलेली सळई घेऊन निघाले. डोक्याला टोपी, हातात रबरी मोजे, पायात माझ्या भाच्याचे गमबूट. तीन रविवार खणलं. पहिल्या रविवारी एक चप्पल निघाली. दुसऱ्या रविवारी कुरकुऱ्यांची पाकिटं. तिसऱ्या रविवारी ह्यांची कंबर धरली आणि दोन मजुरांनी ह्यांनाच उचलून बाहेर काढलं. "मावळची मातीच वेगळी," हे शेक घेता घेता म्हणाले. "बाटल्या खोल जातात."

सोमवारी मी हे सगळं आमच्या मावशीला रंगवून सांगत होते. मावशी अकरा वर्षं आमच्याकडे धुणंभांडी करते. आंदर मावळातलं माहेर, लग्न होऊन लोणावळ्यात आली. ऐकता ऐकता तिला इतकं हसू फुटलं की हातातलं पातेलं मोरीत पडलं.

"अवो बाई, तितं खड्डाच न्हवता, तर घावंल काय? टोपली असायची टोपली. मानूस वर बसायचं, खाली टोपली. मागच्या अंगाला बारकं दार. माझी सासू रोज सकाळी त्या दारातनं टोपली वढायची, डोक्यावं घ्यायची नि गाडीत नेऊन वतायची. धा-बारा बंगलं व्हतं तिच्याकडं."

हसूच आटलं माझं. परदेशात खड्डा होता. आपल्याकडे माणसं होती, म्हणून खड्ड्याची गरजच पडली नव्हती. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही! तळेगावला माझ्या माहेरी तसलं बारकं दार होतं. सकाळी ते वाजलं की आई आम्हाला घरात ओढून घ्यायची. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि साफ विसरले होते. ह्यांच्याही घरी होतं, हेही विसरले होते. दोन शिकलेली माणसं, एक रेल्वेतलं आणि एक शाळेतलं, आणि दोघांना संडास कसा असतो हे दाढीवाल्यांकडून शिकावं लागलं.

"बाटल्या मातर असायच्या हां त्यात," मावशी पुढे म्हणाली. "घरात चोरून पिनारा आनि कुटं टाकनार? सासू हात घालून काडायची, वढ्यावं नेऊन राखंनं घासायची. एक हाय की माझ्याकडं."

हे शेकाची पिशवी टाकून उठले. कंबर बरी झाली एका क्षणात.

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. देवाच्या फळीशेजारी बाटली होती. गडद निळी, सहा पैलूंची, अंगावर उभ्या रेघा, आणि खाली उठावाच्या इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव. ह्यांनी ती उचलून रेघांवरून बोट फिरवलं. अशा रेघा विषारी औषधाच्या बाटलीला असायच्या, अंधारात हाताला कळावं म्हणून, असं ह्यांनी मोबाइलमधलं ज्ञान तिथेच पाजळलं.

"ईख?" मावशी म्हणाली. "माझ्या दोनी पोरांची टाळू ह्यातल्याच त्येलानं भरली की वो!"

ह्यांनी विकत मागितली. ती म्हणाली, "इकायची न्हाई. तीन दिसांसाठी न्या. पर तितं माझ्या सासूचं नाव लिवा. तिनं काडली म्हनून लिवा, आनि कुटनं काडली त्ये बी लिवा. जलमभर तिला कुनी नावानं हाक मारली न्हाई. हजेरीला बी अमक्याची बायको म्हनून आंगठा."

"शंभर टक्के, मावशी!" हे म्हणाले. मीही मान हलवली.

समितीत बाटली हातोहात फिरली, ह्यांची पाठ थोपटून झाली, आणि मग विषय निघाला शेजारी ठेवायच्या चिठ्ठीचा. ह्यांनी मावशीची अट सांगितली. अध्यक्षांनी नाक मुरडलं. "पाहुणे यायचेत. नंतर बटाटेवडे आहेत. त्यात संडास, मैला, टोपली... कशाला?"

"भावना दुखावतील," दुसरे एक जण म्हणाले.

"कुणाच्या?" मी विचारलं.

"सगळ्यांच्याच हो, बाई. नाव आलं की जात आली, जात आली की वाद आला. आपण त्यांच्या भल्याचंच बघतोय."

भल्याचं बघणारी माणसं किती असतात आपल्याकडे! दहा मिनिटांत मजकूर ठरला: 'एका जुन्या बंगल्याच्या आवारात सापडलेली दुर्मीळ बाटली', आणि खाली, संग्राहक म्हणून, आमच्या ह्यांचं नाव. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे."

आणि पेन माझ्यापुढे आलं. प्रदर्शनातल्या सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहीत होते, कारण माझं अक्षर चांगलं. माझ्या जिभेला अख्खी आळी घाबरते. शाळेत मुख्याध्यापक मला बघून रस्ता बदलायचे. त्या दिवशी मात्र मी चकार शब्द काढला नाही. बसले आणि लिहिलं. 'दुर्मीळ'मधला 'ळ' छान गोल काढला. लाज वाटली, पण हात काही थांबला नाही.

मला मनातून वाटत होतं, मावशीला कुठे वाचता येतंय. हे लिहिताना आत्ताही कान तापतात माझे. मी जन्मभर मुलांना बाराखडी शिकवली आणि अकरा वर्षं माझ्या मोरीत बसणाऱ्या बाईला, तू किती शिकलीस, हे एकदाही विचारलं नाही. ती सातवी पास आहे.

पहिल्याच दिवशी ती आली. ठेवणीतलं जांभळं लुगडं, केसात अबोलीचा गजरा. चांगली माणसांच्या रांगेत उभी राहून पुढे आली. बाटली बघून हसली. मग चिठ्ठीवर बोट ठेवून ओठ हलवत वाचू लागली. एकदा वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. चिठ्ठी उलटी करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

मी शेजारीच उभी होते, फराळाच्या बश्या हातात घेऊन.

"अक्षर तुमचं हाय न्हवं, बाई? वानसामानाच्या यादीवानी वळण हाय."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिने बाटली उचलली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली. अध्यक्ष धावत आले, "अहो, अहो, वस्तूंना हात लावायचा नाही!"

"माझी हाय," ती म्हणाली आणि निघून गेली. आमचे हे खांबाआड उभे होते. बाहेर आले नाहीत.

चिठ्ठी मात्र तिथेच राहिली. लोक वाकून वाचत होते, रिकाम्या मखमलीकडे बघून माना डोलवत होते.

मला वाटलं, सोमवारी ती येणार नाही. किंवा येऊन चार शब्द सुनावेल. खरं सांगते, तिने सुनवावं अशीच माझी इच्छा होती. पण ती नेहमीच्या वेळेला आली, पदर खोचला आणि मोरीत बसली. मी शेजारी पाट घेऊन बसले आणि तिची माफी मागितली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आवाजही छान कापरा झाला होता. म्हटलं, नवी चिठ्ठी लिहिते, वर्तमानपत्रात पत्र लिहिते, तू म्हणशील ते लिहिते.

तिने हातातली कढई उजेडात धरून बघितली.

"सासूसंगं बी समदी गोडच बोलायची, बाई. पर दार लावून घिऊन," ती म्हणाली. "ही कढई करपलीया. जरा भिजत घालत जा."