प्रमुख पाहुण्यांच्या जागी

टोकियोजवळ ग्योतोकुला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक इंग्रज नट राहत होते. वय सत्तरीच्या पुढे. रंगभूमी, दूरदर्शन आणि चित्रपट, तिन्हीकडे कारकीर्द झालेली, आणि आता शनिवार-रविवारी टोकियोतल्या एका हॉटेलात ते पाद्री होते. खरे पाद्री नव्हेत. पुष्कळ जपानी जोडप्यांना लग्नात पांढरा झगा घातलेला गोरा माणूस हवा असतो, बाकी चौकशी कोणी करत नाही. "इतकं नियमित काम मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं," ते म्हणायचे.

ओळख कचऱ्यामुळे झाली. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला; प्लॅस्टिकची पिशवी मी चुकीच्या वारी बाहेर ठेवली आणि ती घेऊन ते माझ्या दारात आले. मी माफी मागितली ती एका दमात. ते म्हणाले, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. फक्त मध्ये कुठेतरी थांबा."

पुढे तीन महिने दर मंगळवारी, मी ट्रेनला निघण्याआधी, इमारतीखाली सायकली लावतात तिथे उभं राहून त्यांनी मला थांबायला शिकवलं. मोबदला घेतला नाही. त्या थांबण्यावर मी कंपनीची मुलाखत पार केली आणि कंत्राटावरून कायम झालो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शिकवणाऱ्याचे उपकार कसे फेडतात याची मला एकच रीत माहीत होती. मी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलवा असं सुचवलं.

"इंग्लिश ॲक्टर?" आमचे अध्यक्ष म्हणाले. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. "मग एदोगावाचा मोठा हॉल घेऊ."

नट यायला तयार झाले, पण एका अटीवर. "माझी ओळख करून देताना मी केलंय तेवढंच सांगा. लोक मला मोठा करून सांगतात. मग समोरचे माझे सिनेमे विचारतात आणि मला तोंड लपवावं लागतं."

मी शब्द दिला. त्यांना विचारून विचारून एक पान लिहिलं आणि अध्यक्षांना दाखवलं.

"यात काय आहे?"

"सगळं खरं आहे, सर."

"ते दिसतंय. पण आपण यांना शाल का घालतोय, ते काही यात दिसत नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं. विश्वविख्यात. शेकडो भूमिका. राजघराण्याने गौरवलेले. "आणि त्यांना मराठी कुठे कळतंय?"

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण आमच्या शाळेत बाकं देणारा माणूससुद्धा शिक्षणमहर्षी असायचा, आणि आवाज मोठा म्हणून दरवर्षी पाहुण्यांचा परिचय माझ्याकडे असायचा. अध्यक्षांनी दुरुस्त केलेला कागद हातात आला की तो वाचायचा, हे माझ्या अंगात मुरलं होतं. मी वाचला. विश्वविख्यात म्हणून थांबलो. त्यांनी शिकवलं होतं, अगदी तसा. टाळ्या पडल्या.

अध्यक्षांच्या पत्नी इथल्या भारतीय शाळेत इंग्रजी शिकवतात. त्या पाहुण्यांच्या शेजारी बसल्या होत्या आणि पाहुण्यांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून माझं प्रत्येक वाक्य इंग्रजीत त्यांच्या कानात सांगत होत्या. हे मला राजघराण्यापाशी पोचल्यावर दिसलं.

नट उठले. शाल नीट केली. मला म्हणाले, "मी बोलतो, तुम्ही मराठीत सांगा."

"आता ज्यांची ओळख करून दिली, ते गृहस्थ येऊ शकलेले नाहीत. त्यांच्या जागी मी आलोय."

हे मला माझ्याच तोंडाने सांगावं लागलं.

"मला याची सवय आहे. अकरा वर्षं मी नाटकात एका मोठ्या नटाचा बदली नट होतो. ते आजारी पडले असते तर मी उभा राहणार होतो. त्यांची तब्येत उत्तम होती. दूरदर्शनवर मी बटलर होतो. दार उघडायचो. आत येणाऱ्यांना कामं होती."

मी एकेक वाक्य सांगत गेलो. हॉल आधी हसला, मग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. अध्यक्ष माइकवर आले. "पाहिलंत? माणूस जितका मोठा, तितका नम्र." टाळ्या वाढल्या. नटांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही नीट सांगितलंत ना?"

"नीटच सांगितलं."

"मग हे टाळ्या का वाजवतायत?"

मी त्यांना मंचावरून खाली घेऊन आलो.

खाण्याच्या वेळी त्यांच्याभोवती घोळका जमला. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या पुण्याच्या एका काकू ताटली घेऊन पुढे आल्या. "सिनेमात मुख्य काम असायचं का हो यांना?" त्यांनी मला विचारलं. अध्यक्ष शेजारीच होते. ते डोळ्यांनी मला हो म्हणायला सांगत होते. नट माझ्याकडे बघत होते.

"नाही, काकू," मी म्हणालो. "ते नदीत सापडलेलं प्रेत झाले होते. अडीच मिनिटं."

अध्यक्षांचा चमचा ताटलीतच राहिला.

"अडीच मिनिटं?" काकू म्हणाल्या. "मग पोट हलू कसं दिलं नाही? आमच्या ह्यांचं तर झोपेतसुद्धा गदागदा हलतं."

मी ते ह्यांच्यासकट इंग्रजीत सांगितलं. नटांनी ताटली खुर्चीवर ठेवली, कोटाचं बटण सोडलं आणि आधी श्वास सगळा सोडून द्यायचा असतो, इथून सुरुवात केली. मी एक शब्दही न वाढवता काकूंना सांगत राहिलो.