आधी तांडेलानं सांगायचं

हरलेली मॅच परत बघायला माणूस एवढा का घाबरतो? खरं सांगते, मला याचं उत्तर माहीत नाही. मी स्वतः कितीतरी महिने हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग न बघताच डिलीट करत होते... आणि जिंकलेल्या मॅच मात्र घरी आलेल्या पाहुण्यांनाही दाखवत होते!

आमची चौघींची टीम आहे, मोबाइलवरच्या शूटिंग गेमची. मी नवापूरची, टीमची कॅप्टन. कविता मनोरची, प्राची पालघरची. आणि रीना मूळची बिहारची, बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला आहे, मला दीदी म्हणते. प्रत्यक्षात कधी भेटलो नव्हतो, पण रोज संध्याकाळी सात वाजले की कानात एकमेकींचे आवाज...

मागच्या महिन्यात एका ऑनलाइन स्पर्धेच्या फायनलला जायला आम्हाला एकच मॅच काढायची होती. शेवटच्या सर्कलमध्ये, म्हणजे खेळायची जागा आक्रसत अगदी अंगणाएवढी होते तेव्हा, आम्ही चौघीही जिवंत होतो. मी ओरडले, पुलावरून पळा! डावीकडून गोळ्या आल्या आणि अर्ध्या मिनिटात सगळं संपलं.

डावीकडे लक्ष ठेवायचं काम रीनाचं होतं. मी रागाच्या भरात ग्रुपवर लिहिलं, "आजची मॅच रीनामुळे गेली." दहा मिनिटांनी बघते तर ती ग्रुप सोडून गेलेली.

मला वाटलं, जाऊ दे, तिचंच चुकलंय. घरातली पहिली ग्रॅज्युएट ना मी... बँकेचा फॉर्म असो की लाइटची तक्रार, शेवटचा शब्द माझा. चूक आपलीही असू शकते, असं मानायची सवयच राहिली नव्हती.

रविवारी सकाळी बाबांना चहा द्यायला किनाऱ्यावर गेले. बाबा तांडेल आहेत, बोटीवर त्यांचा शब्द चालतो. त्या दिवशी बोट जवळजवळ रिकामी आली होती आणि जाळं केवढं तरी फाटलं होतं. जाळं वाळूवर पसरून सगळे गोल बसले होते. मला वाटलं, आता भांडण होणार...

पण बाबाच आधी बोलले. "माजं चुकलं. खाली खडक हाय म्हाईत व्हतं, तरी जालं टाकाया लावलं." मग एक खलाशी म्हणाला, दोर ओढायला मला उशीर झाला. मग दुसऱ्यानेही आपलं सांगितलं. हे बोलणं होईपर्यंत सगळ्यांचे हात जाळं विणायला लागलेही होते.

मी बाबांना विचारलं, सगळ्यांसमोर असं कशाला सांगता? "तांडेल गप बसला का खलाशी खोटं बोलतात," ते म्हणाले. "मंग भोक तसंच रातं, न् उद्या जाल्यातलं मावरं तिथनंच जातं. एवडी शिकलीस, पुस्तकात नाय हे?"

"तिच्या पुस्तकात तांडेल चुकतच नाय रे!" बाबांचे जुने खलाशी गणूकाका बोटीवरून ओरडले. सगळे हसले. मला काही हसता आलं नाही.

घरी येऊन मोबाइल काढला. त्या दिवशी रागात रेकॉर्डिंग डिलीट करायचं राहूनच गेलं होतं. इयरफोन लावले... रीनाचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "दीदी, बाएँ दो हैं. दीदी, रुको." आणि त्याच्यावर माझा आवाज, पळा, पळा, लवकर! ती तीनदा बोलली होती. मी एकदाही थांबले नव्हते.

आधी ती क्लिप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, मॅच माझ्यामुळे गेली. पण जिला हे वाचायला हवं होतं ती ग्रुपमध्ये होतीच कुठे?

मग तिच्या बोलण्यातून माहीत असलेली कंपनी शोधत बोईसर गाठलं. तीनला तिची शिफ्ट सुटली. गेटवर फोटोवरून ओळखून तिला हाक मारली तर ती बघतच राहिली. मी इयरफोन तिच्या हातात दिले. ती "ठीक है" म्हणून निघून गेली असती, तर मी काय करणार होते?

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाली, "हारने का दुख नहीं था दीदी. गाँव में सबको बताया था कि मैं टीम में हूँ." मी सॉरी म्हणायला लागले, तर तीच म्हणाली, "आवाज़ से लगता था आप बहुत लंबी होंगी!" आणि आम्ही दोघी गेटवरच हसत सुटलो.

फायनल गेली ती गेलीच. पण रीना परत आली. आता हरलेली प्रत्येक मॅच आम्ही चौघी मिळून बघतो, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त शिकतो ते तिथेच. बाबांचे, गणूकाकांचे आणि त्या टोमण्याचेसुद्धा आभार... आणि रीना, तुझे तर किती मानू?

काल पुन्हा शेवटच्या सर्कलपर्यंत पोहोचलो. तिथे मी माझा माइक बंद केला आणि रीना सांगेल तशी पळाले. हरलोच! पण या वेळी फाटलं ते वेगळ्या जागी.

मॅच संपल्यावर माइक चालू केला. कोणी काही बोलायच्या आत म्हटलं, "थांबा गं, माझं काय चुकलं ते आधी सांगते."